नऊ वर्षांचं काळं

ती दार हातानं कधी वाजवायची नाही. पायाच्या अंगठ्यानं खालच्या फळीवर दोनदा ठोकायची आणि बाहेरूनच ओरडायची, "अण्णा, उघडा नं लवकर! हात भाजून राहिले बाप्पा!" उघडलं की दोन्ही हातांत फडक्यानं धरलेला जड काळा तवा, गळ्यात कंपनीशी बोलायचं ते कानाला लावायचं यंत्र लटकलेलं, आणि चष्म्यावर वाफ. वाफेमुळं आम्ही तिला दिसत नसू. तशीच आत यायची, आमच्या टेबलाला गुडघा आपटून घ्यायची, "अगाई" म्हणायची आणि तवा पाटावर ठेवायची. पाट मी आधीच मांडून ठेवलेला असे. रोज दुपारी चार वाजता.

तुमच्याही डोक्यावर कुणीतरी राहत असेल. पाय वाजतात, खुर्ची सरकते, नळ गळतो, तेवढीच ओळख. आमची तीन वर्षं तेवढीच होती, आणि जिन्यातली चार वाक्यं. मल्लेश्वरमच्या एका आतल्या गल्लीत मालकानं खाली-वर दोन घरं बांधली होती, खाली आम्ही नवरा-बायको, वर ही. नागपूरची. पन्नाशीला टेकलेली. कंपनी व्हाइटफील्डला, पण काम घरातूनच करायची, दिवसभर कुणाशीतरी इंग्रजीत भांडल्यासारखं बोलायची. आठवड्यातून एकदा कंपनीत जायची आणि आल्यावर जिन्यातच बसून चपला काढायची. गल्लीतल्या बायकांनी एकदा विचारलं, नवरा नाही का? तर म्हणाली, "आहे की, नागपूरला. तिकडंच बरा आहे तो." माझ्या बायकोला हे उत्तर इतकं आवडलं की दोन दिवस ती आठवून आठवून हसत होती. मला म्हणाली, "मलाही असं सांगता आलं असतं तर!"

आम्ही इथलेच. आमचे लोक कधी आले, कुठल्या राजाबरोबर आले, ते शिकलेल्यांना ठाऊक. मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्या मराठीत निम्मं कन्नड. वरच्या बाईला ती ऐकून हसू यायचं. "स्वल्प थांब" म्हटलं की म्हणायची, "अण्णा, हे स्वल्प पोथीतलं का?" मी म्हटलं, "बाजारातलं." पण अण्णा, अक्का आणि 'बरं'ला सरी म्हणायला ती आमच्याकडूनच शिकली. पहिल्यांदा तिनं बायकोला काकू म्हटलं तेव्हा बायको म्हणाली, "काकू नको. आमच्यात अक्का म्हणतात. काकू म्हटलं की मी म्हातारी होते."

तेव्हा बायको अजून आजारी पडायची होती.

पोटात गाठ निघाली. कापण्यासारखी नव्हती. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात नेऊन नळीतून औषध द्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाई तरुण होती पण स्पष्ट बोलायची, म्हणून मला पटली. म्हणाली, "वजन अडतीसच्या खाली गेलं तर पुढचं औषध देता येणार नाही. शरीर झेपणार नाही. त्यांना खायला घाला." तेव्हा काट्यावर साडेएकोणचाळीस होतं. म्हणजे सगळं दीड किलोवर आलं होतं. बायको जगणार की नाही ते त्या दीड किलोवर.

आणि ती खाईना. भाताच्या वासानं ओकारी यायची. फोडणी तर शेजारच्या घरात पडली तरी तोंड फिरवायची. तोंडात फोड आलेले. आणि सगळ्याला लोखंडाची चव लागते म्हणायची. दुधाला लोखंड, पाण्याला लोखंड, इडलीला लोखंड. नर्स म्हणाली, औषधानं होतं असं. मी ओरडायचो तिच्यावर. खोटं कशाला लिहू? "नखरे करू नकोस, गीळ" असं मी म्हटलेलं आहे. मरणाच्या भीतीनं ओरडत होतो, पण ओरडत होतो हे खरं.

एक दिवस ती पडल्या पडल्या म्हणाली, "वर काय भाजतायत?"

मला काही वास येत नव्हता. नाक माझं फाउंड्रीत गेलं. पण तिनं दहा दिवसांत पहिल्यांदा कशाचं तरी नाव काढलं होतं. मी तसाच जिना चढलो, बनियनवर.

"काय भाजताय?" दार उघडल्या उघडल्या मी विचारलं.

ती दचकली. "वास येऊन राहिला का खाली? थांबा, खिडकी लावते."

"खिडकी राहू दे. बायको मागतेय. तिनं कालपासून काही खाल्लेलं नाही. जे असेल ते थोडं दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. "वीस मिनिटं आहेत अजून. आत या, दारात उभे काहून?"

आत गेलो तर त्या छोट्या ओव्हनच्या काचेतून तवा दिसला. दांड्याचा, दोन बोटं काठाचा, बिडाचा. बीड मला अंधारातही ओळखू येतं. मी म्हटलं, "तवा भट्टीत घातलास?"

"भट्टी नाही हो, ओव्हन."

"एकच ते. तवा चुलीवर असतो."

"हा चुलीवरही असतो आणि भट्टीतही," ती म्हणाली. "आपला काही धरबंध नाही."

तव्यातून निघालं ते असं : खाली सफरचंदाच्या फोडी शिजून मऊ झालेल्या, कडेला गुळाचा पाक बुडबुडतोय, आणि वर ओट्सचा भाजलेला कुरकुरीत थर. तिनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. ते माझ्या तोंडात बसलं नाही. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत 'तव्यातलं' म्हणत. मी लगेच वाटी पुढं केली तर म्हणाली, "निवू द्या. पळून नाही जाऊन राहिलं ते." हे तिचं ठरलेलं वाक्य. पुढं रोज ऐकलं. गरम नाही, गार नाही, बोट घातलं तर बोटाला बरं वाटेल इतकं झालं की मगच वाढायची.

बाई तवा घेऊन माझ्याबरोबर खाली आली. बायकोनं एक चमचा तोंडात घेतला. मी भांडं घेऊन तयार उभा, ओकेल म्हणून. ती हळूहळू चावत राहिली. मग म्हणाली, "ह्याला लोखंड लागत नाही."

दुसरा चमचा घेतला. मग वरचा थर बोटानं उचलून वास घेतला आणि हसली. "अगं पोरी, हे तर घोड्याचं खाणं!"

बाई गोंधळली. मी सांगितलं तिला. माझे सासरे रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात होते. घोड्यांना खरारा करणं आणि खाणं घालणं हे त्यांचं काम. ओट्सची पोती तबेल्यात रचलेली असायची, बायको लहानपणी त्या पोत्यांवरच खेळली, झोपली. "आप्पांच्या अंगाला हाच वास यायचा," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी आले की आधी मी त्यांच्या सदऱ्यात तोंड घालायची." चार चमचे खाल्ले तिनं. पलंगाशी बसलेल्या त्या बाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग उद्या घोड्यांना सुट्टी नाही. चार वाजता येते."

आणि आली.

रोज बघून बघून मला सगळं पाठ झालं. मी वर जाऊन बसायचो, फोडी करून द्यायचो. सालं काढायची, तोंडातल्या फोडांना लागतात म्हणून. तव्यात लोणी, त्यात फोडी, गूळ, दालचिनी, लिंबाचे चार थेंब, चिमूटभर मीठ. फोडींच्या कडा मऊ झाल्या की गॅस बंद. वर घालायचे ओट्स ती लोणी, कणीक आणि गुळाबरोबर बोटांच्या टोकांनी चोळायची, तळवा लागू द्यायची नाही. "तळव्यानं लोणी वितळतं अण्णा. हात थंडे पाहिजेत. माझे आहेतच, नवरा हेच म्हणायचा." मग तवा तसाच ओव्हनमध्ये. हे सगळं चालू असताना कानात कंपनी बोलतच असायची. मधेच ती इंग्रजीत दोन वाक्यं फेकायची आणि माझ्याकडं वळून म्हणायची, "गाढव आहेत सगळे. तो लिंबू द्या."

फळं बदलून पाहिली. पेरूच्या बिया काढता काढता माझी कंबर मोडली, पण पेरू आवडला. नासपती आवडली. अननस जिभेला टोचला. चिकू घातला त्या दिवशी तिनंच आधी चाखलं आणि म्हणाली, "अक्का, आज उपास करा. हे कुत्र्यालाही नको." बदामी आंबे आले तेव्हा बायकोनं अर्धी बशी खाल्ली आणि चमचा चाटला. तिला चमचा चाटताना बघून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या खेपेला काट्यावर एकेचाळीस आलं. डॉक्टरीणबाईनं काटा दोनदा पाहिला. "काय खायला घालता यांना?" मी म्हटलं, "तव्यातलं." औषध मिळालं.

आता जे झालं ते सांगतो.

माझ्यासारख्याला आभार मानता येत नाहीत. तोंड उघडलं की वाकडंच निघतं. हातानं काही करून द्यावं, एवढंच कळतं. अडतीस वर्षं मी पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. साच्यातून बिडाची वस्तू निघते तेव्हा तिच्या अंगावर वाळू चिकटलेली असते, काळी साल असते, कडा उठलेल्या असतात. ते सगळं घासून, झिजवून आतलं पांढरं बीड बाहेर काढायचं, ते काम. साल राहिली तर माल परत. स्वयंपाकात बीड मी उभ्या आयुष्यात वापरलं नव्हतं. आमच्याकडं पितळ, नंतर स्टील.

औषध घेऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तवा आमच्याकडंच ठेवून घाईनं वर गेली, कंपनीचं काही होतं. जाताना म्हणाली, "धुऊ नका हं अण्णा, नुसतं पुसून ठेवा." मला वाटलं, भिडेनं म्हणतेय, म्हाताऱ्याला कशाला काम. मी तवा पालथा केला, सुलटा केला. आतून-बाहेरून काळा ठिक्कर. मनात म्हटलं, एवढी शिकलेली बाई, पण तव्याची काय दशा करून ठेवलीय.

माझा हँड ग्राइंडर अजून घरात होता. मागच्या दारी नळाजवळ बसलो, आधी तारेचा ब्रश लावला, मग चाक, मग पॉलिश पेपर, जाड, बारीक, अगदी बारीक. दोन तास. तोंड दिसेल असा केला. खरं सांगतो, कामावर होतो तेव्हाही इतकं चांगलं काम मी केलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळून वर नेऊन दिला.

तिनं कागद उलगडला आणि तशीच उभी राहिली. कानावरचं यंत्र काढून ठेवलं. तळावरून बोट फिरवलं.

"किती वेळ लागला, अण्णा?"

"दोन तास. तळाला जरा हट्टी होतं."

"हो," ती म्हणाली. "नऊ वर्षांचं होतं."

मला वाटलं, नऊ वर्षांची घाण म्हणतेय. मी म्हटलं, "आता बघ, पुन्हा चढायचं नाही."

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "सरी अण्णा. फार सुंदर काम आहे." आणि हसली. ते हसू मी खरं मानलं. खाली येताना शीळ घालत आलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली, पण ओरडली नाही. तवा टेबलावर ठेवला. फोडी काळपट दिसत होत्या. बायकोनं चमचा तोंडात घेतला, थांबली आणि बशीत परत टाकला.

"लोखंड," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. कुणीतरी आपल्याला फसवलं की माणूस बोलतो तसं. साऱ्या जगाला लोखंडाची चव होती, ह्या एका गोष्टीला नव्हती. ती एक गोष्टही आता गेली.

बाईचा चेहरा उतरला. पुढं होऊन तिनं बायकोचा हात धरला. "अक्का, माझंच चुकलं. मीच तो तवा घासला काल. बिडाचा तवा असा घासतात का? वरचं काळं गेलं की आंबट फळात लोखंड उतरतं. मला ठाऊक होतं आणि तरी घासला. अक्कल नाही मला."

मी तिथंच उभा होतो, हातात पाट. माझ्याबद्दल गल्लीत सगळे सांगतील, म्हाताऱ्याच्या पोटात काही राहत नाही, तोंडावर बोलतो. त्या दिवशी नाही बोललो. एक वाक्य होतं, 'तिनं नाही, मी घासला.' ते निघालं नाही.

रात्रीतून तरी धीर येईल म्हणून थांबलो. सकाळी आला नाही. दुपारी वर गेलो. घरभर धूर, खिडक्या उघड्या, बाई नाकाला पदर लावून ओव्हनसमोर. वास ओळखीचा होता, इतका उग्र की माझ्या मेलेल्या नाकालाही कळला. जवसाचं तेल. फाउंड्रीत वाळूचे गाभे बांधायला तेच तेल वापरत. ती नागपूरहून चटणीसाठी आणायची, आता तव्याला चोळत होती.

"तू खोटं का बोललीस तिच्याशी?" मी विचारलं.

"मग खरं तुम्ही सांगा नं."

मी ओव्हनच्या काचेतून आत बघत राहिलो.

तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "अण्णा, अक्काला राग येऊ दे माझा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्याच तव्यात केलं, ती चूक माझीच. मी वर राहते. तुम्हाला तिच्या बाजूला झोपायचं आहे." मग लगेच, "तेल लावायचं आणि पुसून काढायचं, लावलंच नव्हतं असं. चोळा. दोन तास घासता येतं, तर चोळताही येईल."

आठ दिवस आम्ही तेच केलं. तेल लावायचं, पुसायचं, भट्टीत घालायचं, निवू द्यायचं, परत तेल. पहिल्या दिवशी तवा पिवळा झाला, मग तपकिरी, मग सुपारीसारखा. ती रोज दुपारी काचेच्या भांड्यात करून खाली आणायचीच, पण बायको तोंड फिरवायची. एकदा जीभ पोळलेलं मूल जसं वाटी दिसली की मान हलवतं, तसं. मी वर फडकं चोळायचो आणि मनात वजन मोजायचो. बीड किती तापलं की रंग कसा येतो, ते मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक. पण त्याला वेळ लागतो, हेही ठाऊक. नऊ वर्षं आठ दिवसांत चढत नाहीत.

नवव्या दिवशी तवा काळा दिसायला लागला. तिनं सफरचंदं केली. बायकोला आम्ही दोघांनी मिळून उठवून बसवलं. तिनं आमच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा हिच्या, एकदा माझ्या. मग चमचा घेतला.

"लागत नाही," ती म्हणाली. "लोखंड लागत नाही, पोरी. छान झालंय."

आणि चमचा खाली ठेवला. "पण आता भूक नाही गं."

त्या खेपेला काट्यावर साडेसदतीस आलं. डॉक्टरीणबाईनं काटा पुन्हा पाहिला, मग खिडकीकडं पाहिलं. औषध दिलं नाही. म्हणाली, "घरी न्या, त्यांना आवडेल ते करा." आवडेल ते! मी काय आवडेल ते करायचं ठेवलं होतं?

तुम्ही म्हणाल, गाठ होती, तिनं जायचंच होतं. डॉक्टरीणबाई पण तेच म्हणाली. म्हणा. मला एवढंच ठाऊक आहे की ती खात होती, आणि मी ग्राइंडर काढला.

त्यानंतर ती पाच आठवडे होती. वरची बाई रोज यायची, तव्यासह आणि तव्याशिवाय. मी औषधाला, दुधाला बाहेर पडलो की दोघी बोलत बसायच्या. दार लोटलेलं. मी आलो की गप्प व्हायच्या. एकदा बायको हसतेय असं ऐकू आलं, मी आत गेलो तर दोघी भिंतीकडं बघत होत्या. मी म्हटलं, "काय चाललंय?" बायको म्हणाली, "घोड्यांच्या गोष्टी." तेव्हा मला बरं वाटलं. काय बोलत असतील ते माझ्या मनातही आलं नाही.

बायको गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. तवा कुणी घासला ते तिला मी सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी चारला अंगठ्यानं दार वाजलं. उघडलं. ती तवा घेऊन उभी. ओरडली नव्हती. "अण्णा, तुम्ही काही खाल्लं नसेल."

मी म्हटलं, "कुणासाठी आणलंस? ती गेली. हे माझ्या दारात पुन्हा आणू नकोस."

तिच्या चष्म्यावर वाफ होती, म्हणून डोळे दिसले नाहीत. "सरी अण्णा," म्हणाली आणि जिना चढली. मी दार लावलं. तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं? तिनं पुन्हा कधी वाजवलं नाही. जिन्यात भेटली की "जेवलात?" विचारायची, मी "हूं" म्हणायचो. खिडकीतून वास यायचा की नाही, मला कळायचं नाही. नाक नाही ना.

तीन महिने असे गेले. एक दिवस मागच्या दारी नळाजवळ हात धूत होतो आणि एकदम कळलं. बायकोचा पलंग नळावरच्या खिडकीलगतच होता. ग्राइंडरचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. दोन तास चालला होता. फेटलरची बायको ती, अडतीस वर्षं तो आवाज माझ्या कपड्यांना लागून घरात यायचा. तिला कळलं नसेल? आणि कळलं असेल तर त्या दोघी दार लोटून काय बोलत होत्या? ती चिडली होती का माझ्यावर? की हसली ते त्यालाच?

एकच बाई सांगू शकत होती. मी दोनदा जिन्याच्या अर्ध्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ज्या तोंडानं तिला हाकललं, त्या तोंडानं काय विचारणार? म्हटलं, ती दिवाळीला नागपूरला गेलीय, परत आली की विचारीन.

ती परत आली नाही. तिकडंच, भावाच्या घरी, बसल्या जागी हार्ट अटॅक आला. मालकानं येऊन सांगितलं. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान.

महिन्याभरानं भाऊ सामान न्यायला आला. तिच्यासारखाच, चष्मा, गडबड्या. जिन्यात मला पाहून थांबला. "अण्णा म्हणजे तुम्हीच नं? ताई सांगायची तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, आता ऐकावं लागणार. "काय सांगायची?"

"की खाली एक अण्णा आहेत, त्यांनी माझा तवा दोन तास बसून चांदीसारखा केला. फोनवर आईला, मला, सगळ्यांना सांगितलं. म्हणायची, माझ्यासाठी एवढा वेळ कुणी काही केलं नव्हतं."

मी कठडा धरला.

त्यानं खोकी खाली आणली, टेम्पोजवळ ठेवली. वरच्याच खोक्यात तवा. मी उचलला. आतून बाहेरून काळा, गुळगुळीत, पाण्याचा थेंब टाकला तर पळेल असा. आमच्या आठ दिवसांवर तिनं एकटीनं आणखी चढवलं होतं. म्हणजे ती करत होती. एकटीसाठी. माझं दार बंद होतं तेव्हा.

भाऊ म्हणाला, "फार घाण झालाय नं? घरी नेऊन चांगला घासून घेतो."

"घासू नका," मी म्हटलं. इतक्या जोरात, की टेम्पोवाला वळून बघायला लागला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. रस्त्यावर उभ्यानं. काळं म्हणजे काय, ते कसं चढतं, ते गेलं की फळात लोखंड कसं उतरतं. बायकोबद्दल, काट्याबद्दल. "तुमच्या बहिणीनं माझ्या बायकोला सांगितलं, तवा तिनंच घासला. तिनं नाही. मी घासला. माझ्या बायकोचं खाणं मी बंद पाडलं, आणि दोष तुमच्या बहिणीनं घेतला, आणि मी तो घेऊ दिला." पहिल्यांदाच तोंडातून निघालं, तेही परक्या माणसासमोर. तो खोकं काखेत धरून ऐकत होता. मधे एकदाही त्यानं मान हलवली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

मग त्यानं तवा माझ्या हातातून घेतला, स्वतःचा टॉवेल काढून त्यात गुंडाळला आणि खोक्यात न ठेवता टेम्पोच्या पुढच्या सीटवर ठेवला. परत आला. हळूच विचारलं, "मग तुमच्या मिसेसना शेवटपर्यंत कळलंच नाही का?"

मी म्हटलं, "ते तुमच्या बहिणीला विचारायचं राहिलं."